गिरीश कार्नाड मुळात कोण : नट, नाटककार की दिग्दर्शक? आणि त्यांचं कोणतं नाटक आमच्या ग्रुपनं करावं?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. एकच माणूस ‘उंबरठा’त वकील नवरा होतो, ‘तुघलक’ लिहितो आणि चित्रपटही दिग्दर्शित करतो, तर त्याला मुळात काय म्हणायचं. आणि तुमच्या हौशी ग्रुपला त्यांचं नाटक करायचं असेल तर कोणतं घ्यावं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाटककार. पोट मात्र बराच काळ सिनेमानं भरलं. कार्नाडांनी सुमारे सहा दशकांत पंधराच्या आसपास नाटकं लिहिली. कन्नड रंगभूमीवर तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून त्यांची कारकीर्द तीन वेगळ्या खात्यांत मांडण्यापेक्षा नाटकांची सालं शेजारी ठेवून वाचा. ‘ययाति’ 1961, ‘तुघलक’ 1964, ‘हयवदन’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि त्यानंतरचं मोठं नाव ‘नागमंडल’, तेही थेट 1988. मध्ये ‘अंजुमल्लिगे’ आणि ‘हिट्टिन हुंज’ आहेत, पण ती फारशी कुणाच्या तोंडी नसतात. या मधल्या पोकळीत काय चाललं होतं? सिनेमा.

जन्म 19 मे 1938, माथेरानचा. घरची भाषा कोकणी, बालपण सिरसीत, कॉलेज धारवाडला, तेही गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. सिरसीला त्यांनी दोन गोष्टी पोटभर पाहिल्या : यक्षगान, म्हणजे कर्नाटकातलं पारंपरिक नृत्यनाट्य, आणि फिरत्या नाटक कंपन्या. पुढे मुंबईत शिकताना दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी बसवलेलं स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ पाहिलं. तिथं डिमरवर हळूहळू चढत-उतरत जाणारा प्रकाश बघून आपण हादरलो, असं त्यांनीच लिहिलंय. कंपन्यांचे रंगवलेले पडदे, यक्षगानातला अर्धा पडदा आणि डिमर, या तीन वस्तू ध्यानात ठेवा. खाली त्यांचं काम पडणार आहे. मग र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, 1963 ते 1970 मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी, आणि नोकरी सोडली त्याच वर्षी ‘संस्कार’.

‘संस्कार’ (1970) पट्टाभिराम रेड्डींचा. पटकथा कार्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची मुख्य भूमिकाही त्यांचीच. सेन्सॉरनं आधी बंदी घातली, ती उठल्यावर त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. लगेच 1971 ला भैरप्पांच्या कादंबरीवरचा ‘वंशवृक्ष’, ब. व. कारंतांबरोबर सहदिग्दर्शन, आणि दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. 1973 ला एकट्यानं ‘काडु’. 1974-75 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं संचालकपद. मग श्याम बेनेगलांच्या ‘निशांत’मध्ये भूमिका, पाठोपाठ ‘मंथन’मध्ये. एक गोष्ट मराठी माणसाच्या नजरेतून हमखास निसटते : हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेल्या ‘भूमिका’च्या पटकथेत बेनेगल आणि सत्यदेव दुबे यांच्यासोबत कार्नाडही आहेत. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार तिघांना मिळून मिळाला.

दिग्दर्शक म्हणून त्यांच्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. ‘काडु’ आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावाला मुजरा करणारा ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (1978) हे उत्तम. कन्नड नट शंकर नाग पडद्यावर आला तो याच चित्रपटातून. ‘मृच्छकटिका’वरचा ‘उत्सव’ (1984) देखणा, पण सैल. निर्माते शशी कपूर त्यात चांगलेच पोळले. नट म्हणून त्यांचा पल्ला मोठा नव्हता. पण सुशिक्षित, आतून अस्वस्थ, वरून शांत असा पुरुष त्यांच्याइतका नेमका फार थोड्यांनी केला. ‘उंबरठा’त (1982) सुलभाचा नवरा खलनायक वाटत नाही, म्हणूनच तो जास्त टोचतो. शेवटच्या वर्षांतल्या ‘टायगर’पटांकडे मात्र घरखर्च म्हणूनच बघा; त्यांनाही त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आता तुमच्या ग्रुपचं.

‘तुघलक’ वाचायला पहिलं घ्या, करायला पहिलं घेऊ नका. तेरा प्रवेश आहेत, 1327 च्या दिल्लीत सुरू होऊन पाच वर्षांनी दौलताबादच्या किल्ल्यावर पोचणारे, आणि पात्रांची मोठी फौज. तेंडुलकरांनी केलेला मराठी अनुवाद आहे. त्याची बांधणी कंपनी नाटकाची आहे. कंपनीत राजवाड्याचा खोल देखावा मागं लावला जात असताना पुढं रस्त्याचा रंगवलेला पडदा टाकून विनोदी प्रवेश चालायचा. मागचा ठोकाठोकीचा आवाज झाकायचा आणि प्रेक्षक धरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. कार्नाडांनी सुलतान खोल, म्हणजे मागच्या देखाव्यातल्या प्रवेशात ठेवला आणि अझीझ-आझम ही भामट्यांची जोडी उथळ, म्हणजे पुढच्या पडद्यासमोरच्या प्रवेशात. नाटक पुढं सरकतं तशी उथळ प्रवेशांतली ताकद वाढत जाते, आणि शेवटी धोब्याचा मुलगा अझीझ सुलतानासमोर त्याच्याच महालात उभा राहतो. हौशी प्रयोग फसतो तो इथंच. काळ्या विंगांमध्ये एकाच सपाट प्रकाशात सगळे तेरा प्रवेश केले की हा चढ दिसतच नाही. रंगवलेला पडदा नसला तरी चालेल, पण अझीझचे सुरुवातीचे प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या पाच-सहा फुटांतच बांधा, मागं अंधार ठेवा, आणि मागची खोली त्याला शेवटीच द्या.

‘हयवदन’ तुमच्यासाठी बरं. मराठी अनुवाद चिं. त्र्यं. खानोलकरांचा आहे. कथा कथासरित्सागरातली, जर्मन लेखक टॉमस मानच्या लघुकादंबरीतून फिरून आलेली : बुद्धिमान देवदत्त, बलदंड कपिल, दोघांची मुंडकी कालीच्या देवळात छाटली जातात आणि पद्मिनी ती जोडताना अदलाबदल करते. संहितेतच देवदत्ताला फिकट आणि कपिलाला गडद मुखवटा सांगितलाय. इथं ग्रुप हमखास एक चूक करतात : मुखवट्याबरोबर कपडेही बदलतात. कपडे धडाचे आहेत, ते धडाबरोबरच राहिले पाहिजेत. बदलायचा तो फक्त मुखवटा. त्यामुळं दोन नट अंगकाठीनं उघड वेगळे निवडा आणि दंड-छाती दिसेल असाच वेश द्या, नाहीतर काय बदललं ते मागच्या रांगेला कळणारच नाही.

अदलाबदल झाली की दोन्ही नटांची पात्रं बदलतात, कारण बोलतं ते डोकं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून दोघांना दोन्ही भूमिका पाठ हव्यात, आणि एकानं दुसऱ्याची बोलण्याची ढब उचललेली हवी. मुखवटा वरच्या ओठापर्यंतच ठेवा. पूर्ण मुखवट्यात ‘प’, ‘ब’, ‘म’ गिळले जातात. कागदाच्या लगद्याचा असेल तर आतून सुती कापड चिकटवा आणि कपाळाला स्पंजची पट्टी द्या, नाहीतर घामानं तो मऊ पडून दुसऱ्या अंकात नाकावर येतो. बांधायला नाडी नको. आडवे पडलेले असताना काही सेकंदांत मुखवटे बदलायचे असतात, तिथं रुंद इलॅस्टिकच कामी येतं. मुखवट्यांचे दोन जोड करा आणि प्रयोगाच्या किमान तीन आठवडे आधी तालमीत आणा. मुखवटा घातल्यावर नटाला पायाखालचं दिसत नाही, आणि या प्रवेशात हातात तलवार असते.

दुसऱ्या अंकातल्या बोलक्या बाहुल्यांचा भाग लहान मुलांचा गोडवा म्हणून उरकू नका. देवदत्ताच्या डोक्याला मिळालेलं कपिलाचं राकट शरीर हळूहळू पुन्हा मऊ पडतंय, हे प्रेक्षकांना पहिल्यांदा बाहुल्यांकडून कळतं. त्याचे तळहात आता पूर्वीसारखे खरखरीत राहिले नाहीत, असं त्या बोलतात. ती वाक्यं हशात बुडाली तर दुसरा अंक कुणालाच लागत नाही. अर्धा पडदा दोन माणसांनी हातात धरून आणायचा, तो यक्षगानातला आहे. पाईपला टांगू नका. तो धरणाऱ्यांचा वेग हाच त्या प्रवेशाचा ताल असतो.

मुली जास्त असतील तर ‘नागमंडल’ बघा. दिव्यांच्या बोलणाऱ्या ज्योतींमुळं बायकांच्या भूमिका भरपूर मिळतात. राणीचा नवरा अप्पण्णा दुपारी येतो, त्याचं रूप घेतलेला नाग रात्री येतो, नट एकच. नागाला फणा किंवा हिरवा अंगरखा चढवलात की नाटक मेलं, कारण राणीला फरक दिसत नाही हाच सगळा खेळ आहे. फरक प्रकाशानं करा : दुपार वरून पडणारी, पांढरी, कडक, रात्र बाजूनं, हळू चढणारी. डिमर चालवणारा तालमीला रोज हजर हवा, शेवटच्या दिवशी बोलावलेला नको.

दोन-तीनच माणसं असाल तर ‘ओडकलु बिंब’ मोहात पाडेल : एक अभिनेत्री आणि पडद्यावरचं तिचंच बोलकं प्रतिबिंब. आधी रेकॉर्ड केलेली प्रतिमा हशा-टाळ्यांसाठी थांबत नाही, हे लक्षात घेऊन रेकॉर्डिंगमध्येच श्वास सोडावे लागतात. पहिल्या नाटकासाठी मी हे सुचवणार नाही.

परवानगीचं काम संहिता ठरली त्याच दिवशी सुरू करा. अनुवादित नाटकाला दोन परवानग्या लागतात : मूळ लेखकाच्या हक्कदारांची आणि अनुवादकाच्या हक्कदारांची. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. कार्नाड 10 जून 2019 ला गेले, खानोलकर 1976 ला, तेंडुलकर 2008 ला, म्हणजे यातलं काहीही अजून मोकळं नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. तुम्ही काटछाट करणार असाल तर ती हक्कदारांना आधी दाखवा आणि मंडळाकडे तीच प्रत पाठवा. दोन ठिकाणी दोन प्रती गेल्या की ऐन प्रयोगाच्या आठवड्यात पत्रव्यवहार सुरू होतो.