शेवटचे शंभर रुपये आणि थंड कृष्णविवर

प्रश्न : हॉकिंग रेडिएशन (क्वांटम परिणामांमुळे बाहेर पडणारी ऊर्जा) सोडत कृष्णविवर आटत जातं हे माहीत होतं, पण चार्ज (विद्युतभार) असलेलं ‘एक्स्ट्रीमल’ कृष्णविवर म्हणे शून्य तापमानाचं असतं. मग ते कपातल्या चहासारखं हळूहळू गार होत तिथं पोचतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चहासारखंच, पण शेवटचा घोट सोडून. आणि खरी मजा त्या घोटातच आहे!

चार्ज ठरलेला असला की कृष्णविवराच्या वस्तुमानाला एक तळ असतो, त्याला टेकलेलं ते एक्स्ट्रीमल. तळाच्या वर जी ऊर्जा उरते तेवढीच खर्चायला मोकळी. आता बघा, तापमान निम्मं झालं की ही शिल्लक पावपट होते, पण बाहेर पडणाऱ्या फोटॉनची (प्रकाशाच्या कणाची) ऊर्जा साधारण तापमानाइतकी म्हणजे निम्मीच होते, त्यामुळे कधीतरी अशी वेळ येतेच की खात्यात शंभर रुपये आणि एटीएममध्ये फक्त पाचशेच्या नोटा. एका फोटॉनपुरतीही शिल्लक नाही, मग इथं ‘तापमान’ या शब्दालाच काही अर्थ राहत नाही. हे १९९१ मध्ये प्रेस्किल, विल्चेक वगैरे पाच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, त्यातले एक संदीप त्रिवेदी, जे पुढे आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संचालक झाले.

मग तिथं होतं काय? अशा कृष्णविवराच्या क्षितिजाजवळ (जिथून परत येता येत नाही त्या सीमेजवळ) स्पेसटाइमची, म्हणजे अवकाश-काळाची, लांबच लांब नळी तयार होते, नरसाळ्याची असते तशी, आणि ती नळीच क्वांटम पद्धतीने थरथरते. इलिएसियू आणि तुरिआची यांनी २०२० मध्ये ती थरथर हिशोबात धरली, तर तळाशी ढीगभर क्वांटम अवस्था असतील हा जुना समज कोसळला, या अवस्था तळाकडे विरळ होत जातात. (सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या कणाला जोडीदार कण असतो ही कल्पना, खरी असेल तर उलटं, तळाशी अवस्थांची भरपूर गर्दी आणि मग वर मोकळी गॅप.)

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २०२४ ची. न फिरणारं कृष्णविवर अगदी तळाजवळ आलं की एकटा फोटॉन सोडूच शकत नाही, कारण फोटॉन जाताना निदान एक एकक कोनीय संवेग (फिरण्याचं माप) नेतो, मागे कृष्णविवराला फिरावं लागतं आणि फिरण्याइतकी शिल्लकच नसते. म्हणून दोन फोटॉन जोडीने सुटतात, दोघांचा मिळून कोनीय संवेग शून्य. अर्थात हे फार म्हणजे फारच सावकाश.

दुर्बिणीतून दिसेल का विचाराल तर नाही, आकाशात एवढा चार्ज टिकतच नाही, विरुद्ध चार्जचे कण लगेच आत ओढले जातात आणि तो पुसला जातो.