थंडी वाढलीय, टोमॅटो हिरवाच आहे, तोडायचा का थांबायचं?

राम राम मंडळी. महाबळेश्वर, जावळी आणि वाईच्या वरच्या अंगाच्या गावांतनं सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, साहेब थंडी सुरू झाली, टोमॅटो अजून हिरवाच आहे, ढोबळी लागलीय, लाल भोपळे वेलावर आहेत, मग आत्ता तोडायचं का अजून थोडं वाढू द्यायचं? एका ताईंनी स्ट्रॉबेरीचंही विचारलंय. सगळ्यांना मिळूनच सांगतो.

आधी एक समजून घ्या. वेण्णा लेक, लिंगमळ्याकडं डिसेंबर-जानेवारीत गवतावर जे पांढरं दिसतं ते गोठलेलं दंव, ते वरनं पडत नाही, तिथंच तयार होतं. आभाळ मोकळं आणि वारं पडलेलं असलं की रात्री जमिनीची ऊब झपाट्यानं निघून जाते, आणि गार हवा जड असते म्हणून ती उतारानं खाली येऊन खोलगट रानात बसते. तापमान मोजतात ते जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, म्हणून मोबाईलवर ४-५ डिग्री दिसत असलं तरी तुमच्या खालच्या वाफ्यात पानावर बर्फ धरू शकतो. त्यामुळं मोबाईलपेक्षा संध्याकाळचं आभाळ बघा, वारं थांबलंय आणि चांदण्या लख्ख दिसतायत तर ती रात्र धोक्याची. ढग असले की सहसा भीती नाही.

आता टोमॅटो. बरेच जण म्हणतात की दंव गोठेपर्यंत राहू द्या, तेवढंच वजन वाढेल. माझं मत याच्या उलट आहे. टोमॅटोचं नुकसान बर्फ दिसायच्या आधीच सुरू होतं, ओळीनं बऱ्याच रात्री १० डिग्रीच्या खाली गेल्या की फळाची पिकायची ताकदच कमी होते, मग ते घरात आणून कितीही ठेवा, डाग पडून सडतं नाहीतर बेचव राहतं. म्हणून कडाक्याची थंडी यायच्या आत तोडा. कुठलं हिरवं फळ पिकेल हे बघायचं असेल तर त्याच आकाराचं एखादं आडवं कापा, आत बियांभोवती बुळबुळीत गर झाला असेल आणि सुरीखाली बी न कापता सरकत असेल तर तसली फळं पिकतात. बी कापलं गेलं तर ते कोवळं, त्याची भाजी किंवा चटणी करा, पिकवायच्या नादाला लागू नका.

तोडलेली फळं पुसून, देठ काढून, क्रेटमध्ये दोनच थर लावून घरात साधारण १८ ते २१ डिग्रीत ठेवा. उन्हात ठेवायची गरज नाही, ३० डिग्रीच्या वर गेलं की लाल रंग नीट भरत नाही, पिवळसर राहतो. फ्रिजमध्ये तर बिलकुल नको. घाई असेल तर क्रेटमध्ये एक-दोन पिकलेली केळी ठेवा, त्यातनं निघणाऱ्या इथिलिन वायूनं फळं लवकर पिकतात. फळं पिकवायच्या कार्बाईड पावडरीला मात्र कुणीही हात लावू नका, त्यावर कायद्यानंच बंदी आहे आणि ती फळं आपलीच पोरं खातात हो. आणि तोडा करायच्या आधी शेवटची फवारणी कधी झाली ते बघा, औषधाच्या लेबलवर जेवढे दिवस थांबायला सांगितलंय तेवढे दिवस झालेच पाहिजेत.

ढोबळी, मिरची, वांगी, काकडी, दोडका हे सगळं थंडीला नाजूक, आधी तेच काढा. लाल भोपळ्याला नख लावून बघा, साल टोचली नाही आणि देठ वाळून खुटासारखा झाला तर तयार. दोन-तीन इंच देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथनंच सडतो. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवला की साल घट्ट होते आणि मग महिनोन्‌महिने टिकतो.

गाजर, कोबीची घाई नको, थंडीनं त्यांची गोडी वाढते. बटाट्याचा पाला करपला तरी मातीत झाकलेल्या बटाट्याला सहसा काही होत नाही, पाला कापून १०-१२ दिवसांनी काढा म्हणजे साल पक्की होते.

ताई, तुमच्या स्ट्रॉबेरीत पानापेक्षा फूल नाजूक असतं. थंडी लागलेल्या फुलाचा मधला भाग काळा पडतो आणि त्याला फळ धरत नाही. धोक्याच्या रात्रीच्या आधी तयार फळ तोडून घ्या, दिवसा ठिबकनं रान ओलं करा कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, आणि ऊन उतरायच्या आत क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचं पातळ कापड) टाकून कडा मातीनं दाबा. सकाळी ऊन आल्यावर काढायचं विसरू नका, मधमाशी आत जाणार कशी?

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांनो, तुमच्याकडं बर्फाची गोष्ट नाही पण मणी पाण्यात यायच्या, म्हणजे मऊ पडून रस भरायच्या वेळेला रात्र गार आणि दिवस गरम झाला की पिंक बेरी येते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, घड आत्ताच पेपरनं झाका.

आणि एवढं करूनही कधी सकाळी पानं पांढरी दिसलीच तर त्या वेळी झाडाला हात लावू नका, ऊन येऊन बर्फ आपोआप विरघळू द्या, मगच तोडणी करा. करपलेल्या फांद्याही लगेच छाटू नका, आठवडाभर थांबा, कुठनं नवा फुटवा येतोय ते दिसू द्या.