टीव्ही-मोबाईलवरच्या जाहिराती पाहून मुलं खरंच बिघडतात का?

बिघडतात, पण पाहिलं आणि लगेच केलं, इतकं ते सरळ नसतं. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तिथलंच सांगतो.

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की सातवीतला एक पोट्टा इलायचीची पुडी दातानं फाडायचा, मान मागं टाकून दाणे तोंडात सोडायचा आणि जाहिरातीतल्या हिरोसारखी भुवई उडवायचा. बाकीचे टाळ्या पिटायचे. पुडीत इलायचीच होती, म्हणून मी काही बोललो नाही. चुकलो.

तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. गुटखाही महाराष्ट्रात २०१२ पासून बंद (कागदावर तरी). म्हणून तंबाखू-गुटख्याचे काही ब्रँड त्याच नावाची इलायची दाखवतात. नाव आणि ऐट डोक्यात बसली की पुढचं काम पानठेल्यावर होतं.

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत तोच पोट्टा ठेल्यावर दिसला, खर्रा (तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण) घोटून व्हायची वाट पाहत. "बाबासाठी हाय जी सर." अठराच्या आतल्याला तंबाखू विकता येत नाही, पण ठेलेवाला पन्नी बांधून मोकळा. या खर्र्याची टीव्हीवर जाहिरात लागत नाही, तिची गरजही नाही. बापाला विचारलं तर म्हणे, "मी त्याले खाऊ देत नाही सर, आणाले सांगतो फक्त."

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा १९६५ मधला प्रयोग आहे. लहान मुलांना फिल्म दाखवली, त्यात मोठा माणूस बाहुल्याला बडवतो. शेवटी त्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. पण "करून दाखवा, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनाही ते सगळं येत होतं. शिकून झालंच होतं, फक्त दाखवलं नव्हतं. वर्गात गुपचूप बसणारं लेकरू पाहिलं की मला हे आठवतं.

मग एक दिवस तीच इलायचीची जाहिरात आवाज बंद करून वर्गात दाखवली. विचारलं, काय विकून राहिले? कोणी म्हणे गॉगल, कोणी म्हणे हेलिकॉप्टर. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, हे नाव आमच्या आबाजीच्या पुडीवर बी हाय." मी पंधरा मिनिटांचं भाषण तयार करून आलो होतो, ते राहूनच गेलं.

त्या पोट्ट्यानं पुडी सोडली की फक्त माझ्यासमोर सोडली, देव जाणे. बाप मात्र आता खर्रा आणायला स्वतः जातो.