मुद्राराक्षस की मुद्रणराक्षस?

उदगीरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय : शाळेच्या स्मरणिकेला शुद्धिपत्र जोडायचंय, त्यात ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ लिहायचं की ‘मुद्रणराक्षसाचा’? सहकाऱ्यांचं म्हणणं, चूक छपाईतली, म्हणजे ‘मुद्रण’च हवं.

मुद्राराक्षस. ‘मुद्रणराक्षस’ हा निव्वळ अतिशहाणपणा. मुद्रा म्हणजे छपाई नव्हे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यानं लगेच शब्द दुरुस्त करून टाकला.

आता खरी गंमत बघा. या शब्दातल्या राक्षसाला ना शिंगं, ना सुळे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातला राक्षस हा नंदांचा अमात्य. चांगला निष्ठावंत माणूस. मुद्रा म्हणजे त्याच्या नावाची अंगठी. ती राक्षसाचा मित्र चंदनदास याच्या दारात चाणक्याच्या हेराला सापडते. चाणक्य राक्षसाचाच लेखनिक मित्र शकटदास याच्या हातून एक निनावी पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ती मुद्रा उठवतो. (स्वतः का लिहीत नाही? तर वेदपाठ्यांचं अक्षर कितीही जपून काढलं तरी लागत नाही, असं तोच म्हणतो!) पुढं पाचव्या अंकात पत्र पकडलं जातं आणि राक्षस ज्याच्या बाजूनं लढत असतो त्या राजपुत्र मलयकेतूचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. मजकूर त्याचा नाही, पण शिक्का त्याचा, बोलणार काय?

छापून आलेल्या लेखकाचं नेमकं हेच होतं. लिहिलं भलतंच, छापलं भलतंच, वर नाव मात्र त्याचं. म्हणून माझं ठाम मत, की छपाईच्या चुकीला हा शब्द ज्यानं पहिल्यांदा लावला त्याला नाटक मुखोद्गत होतं. काही विद्वान याला इंग्रजी ‘प्रिंटर्स डेव्हिल’ची नक्कल ठरवतात. अहो, तो डेव्हिल म्हणजे छापखान्यातला शाईनं माखलेला उमेदवार पोऱ्या! दोन्हीकडं सैतान दिसला की यांची व्युत्पत्ती झाली.

पोथ्यांतल्या पाठभेदांनाही मुद्राराक्षस म्हणणारे भेटतात. आमच्या पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलून घेणाऱ्यांच्या चुकांतून. तिथं छापाच नाही, तर राक्षस कुठला आला?

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते लग्नपत्रिका अन् फ्लेक्सवर. लातूरपासून नांदेडपर्यंत जाऊन बघा : ‘आर्शिवाद’, ‘हार्दीक’. विचारलं की उत्तर तयार : मुद्राराक्षस हो! शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळी कंपोझिटर उलटी अक्षरं जुळवायचा, ‘घ’च्या घरात ‘ध’ पडलेला असायचा, मशीनखाली मात्रा तुटायची. ते राक्षसाच्या खात्यावर ठीक. आजही जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, तेही देऊ त्याच्या नावावर. पण यजमानानं लिहून दिलेल्या कागदावरच ‘आर्शिवाद’ असेल, तर डीटीपीवाल्या पोरानं काय करावं? ‘आशीर्वाद’ केलं तर यजमानच ओरडतात.

ताई, तुमच्या स्मरणिकेत चुकलंय काय, ते तुम्ही कळवलं नाहीत. अक्षरं उडाली असतील तर खुशाल ‘मुद्राराक्षस’ लिहा. ऱ्हस्वदीर्घाचं असेल, तर आधी सरांनी लिहून दिलेला मूळ कागद काढून बघा.