बरोबर

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. हातात आलेली नोकरी धरू की बायबल कॉलेजला जाऊ, यावर तीन महिने प्रार्थना, दोनदा उपास, तरी चिन्ह नाही. आणि आता तर गुडघे टेकले की आत सगळं कोरडं. हे सगळं ठीक आहे, असं होतं. पण 'एक पाऊल चुकलं तर मी देवाच्या योजनेतून कायमचा बाहेर पडेन' या वाक्यानं माझी झोप घालवली. हे तुला कुणी शिकवलं? मी नक्की नाही.

देव तुझ्यावर प्रीती करतो वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तू सातव्या वर्षी माझ्यासमोर तोंडपाठ म्हणून दाखवलंयस. सरळ मुद्द्यावर येते.

आपल्या भाषेत 'बरोबर' म्हणजे अचूक आणि 'बरोबर' म्हणजे सोबत. तुला पहिलं बरोबर हवंय: निर्णय बरोबर, कॉलेज बरोबर, सगळं पहिल्या फटक्यात बरोबर. शास्त्र मात्र दुसऱ्या बरोबरचा हट्ट धरून बसलंय. बायबलच्या पहिल्याच पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पाचवा अध्याय काढ. अमका इतकी वर्षं जगला, मग मेला. तमका इतकी जगला, मग मेला. वाचून कंटाळा येतो. मध्येच हनोख. 65 व्या वर्षी त्याला मथुशलह झाला आणि त्यानंतर 300 वर्षं तो देवाबरोबर चालला. मुलगे झाले, मुली झाल्या. त्यानं कुठली मोठी सेवा केली, कुठला निर्णय अचूक घेतला, याबद्दल तिथं एक अक्षर नाही. घरात पोरं रडतायत, आजारपणं चाललीयत आणि हा माणूस तीनशे वर्षं बरोबर चालतोय. तुला तीन महिन्यांत धाप लागली.

रागावू नकोस. मला याहून लवकर लागली होती.

आता अम्माऊसची वाट. हा उतारा तू दर पुनरुत्थानाच्या सणाला ऐकतोस, पण एक गोष्ट बघ: येशूचे ते दोन शिष्य कुठे निघाले होते? यरुशलेम सोडून. प्रभू मेलेल्यांतून उठलाय ही बातमी सकाळी कानावर आलेली असताना तोंडं पाडून उलट्या दिशेनं, सुमारे 11 किलोमीटर. वाट बरोबर नव्हतीच. पण प्रभू स्वतः त्यांच्या बरोबर होता, त्यांना ओळखू आला नाही एवढंच. त्यानं रस्त्यात आडवं उभं राहून 'मागे फिरा' म्हटलं नाही. त्यांच्याच चालीनं चालत राहिला, त्यांचं रडगाणं ऐकून घेतलं, मंदबुद्धी म्हणून झापलंही, आणि मोशेपासून सगळं उलगडून सांगितलं. घरात गेल्यावर भाकर मोडली तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. मग त्याच घटकेला, रात्र पडत असताना, ते आपणहून मागे फिरले. तुझ्या त्या 'कायमचा बाहेर पडेन'चं काय करायचं, आता तूच सांग.

आणि ते डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ते बंद कर. मीही केलंय. एकदा बोट वंशावळीवर पडलं, तरी मी त्यातून अर्थ काढलाच. गिदोनानं रात्री लोकर अंगणात ठेवून दंवाच्या खुणेनं देवाचं उत्तर मागितलं, तो दाखला देऊ नकोस. लोकर टाकण्याआधीच देवानं त्याला काय करायचं ते स्पष्ट सांगितलं होतं; लोकर ही त्याची चुळबुळ होती, देवानं ती सहन केली. त्यापेक्षा प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाच. प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्यानं अडवलं. बिथुनियात जायला बघितलं, तिथंही अडवलं. तरी तो नकाशा मिळेपर्यंत बसून राहिला नाही. त्रोवसपर्यंत चालत गेला आणि 'मासेदोनियात ये' असा दृष्टान्त तिथं झाला. पौलाच्या दोन योजना वाटेत मोडल्या, तरी बरोबर चालणं मोडलं नाही.

मी हे इतकं ठासून का सांगते ते ऐक. बावीस वर्षं मी मंडळीच्या कामात होते. संडे स्कूल, महिला मंडळ, कमिटी, शिबिरं. वडील अंथरुणाला खिळले होते त्या काळात एका संध्याकाळी त्यांनी मला म्हटलं, "जरा बस, एखादं स्तोत्र वाच." माझ्या हातात पिशवी होती, दारात चपला घातल्या होत्या. मी म्हणाले, "प्रार्थनासभा आहे बाबा, आल्यावर वाचते." आले तेव्हा ते झोपले होते. पुढे ते चार महिने होते. त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही आणि मीही कधी आपणहून शास्त्र घेऊन बसले नाही, कारण रोज काही ना काही देवाचं काम होतंच. त्या सभेत मी कशावर बोलले माहितेय? देवाच्या सहवासावर. लोकांना फार आवडलं होतं.

देवासाठी धावता धावता देव मागे राहिला होता, त्या घरात, त्या खाटेजवळ. हे कळायला मला आणखी सहा वर्षं लागली.

म्हणून मी कमिटी सोडली. तुझ्या कानावर आलं असेलच, मावशी थंड पडली, विश्वास ढळला, कुणाशी तरी बिनसलं. बिनसलं होतं थोडं, नाही म्हणत नाही. पण कारण ते नव्हतं. मी रविवारची उपासना एकदाही चुकवलेली नाही, आजही शेजारच्या आजींना रोज एक अध्याय वाचून दाखवते, आणि ज्यांनी मला थंड म्हटलं त्यांच्यापैकी एकानंही त्या आजींचा दरवाजा... जाऊ दे. पत्र तुझं आहे. पण तू मंडळीत मागे सरकलेल्या माणसाकडे बघून पटकन निष्कर्ष काढू नकोस, एवढं मला म्हणायचं होतं.

कोरडेपणाबद्दल थोडंच. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, कारण ओरडणारा देवाकडेच तोंड करून ओरडतोय. ब्रदर लॉरेन्सचं नाव तू ऐकलं असशील. 17 व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात तो स्वयंपाकघरात राबायचा. ते काम त्याला मनापासून नावडतं होतं. तिथल्या भांड्यांच्या गोंधळात आणि प्रार्थनेच्या शांततेत देव त्याला सारखाच भेटायचा असं तो सांगायचा, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पहिली दहा वर्षं आपण फार त्रास काढला, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. दहा वर्षं, बाळ.

तेव्हा आता असं कर. तासभर गुडघ्यांवर बसून काही वाटतंय का याची नाडी तपासत राहू नकोस. जिने चढताना, पाणी भरताना, कुणाचा राग आला असताना दोन शब्द बोल त्याच्याशी. 'हे बघ, मला हा माणूस सहन होत नाहीये' हीसुद्धा प्रार्थना आहे. भावाशी तुझं बोलणं बंद आहे असं तुझी आई म्हणाली. आधी ते. देवाच्या इच्छेबद्दल तीन महिने विचारतोयस आणि 'आधी भावाशी समेट कर' ही जी इच्छा मत्तयच्या पाचव्या अध्यायात छापून आलीय ती बाजूला ठेवलीयस.

नोकरी की कॉलेज? मला विचारशील तर नोकरी घे, वर्षभर कर, कॉलेज पळून जात नाही. पण हे माझं मत आहे, चिन्ह समजून वहीत लिहू नकोस. आणि कॉलेजलाच गेलास तरी मी रुसणार नाही. फीचं काय करायचं ते बघू.

रविवारी उपासना झाली की थांब, घरी चालत जाऊ. रिक्षा नको. माझा गुडघा दुखतोय, तेव्हा चाल माझी असेल, तुला जमवून घ्यावं लागेल.

तुझी,
मावशी