मित्राच्या सी प्रोग्रॅममध्ये फ्री (मेमरी परत देणारं फंक्शन) करण्याआधीची नल-तपासणी काढणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मंजूर करू का?

खानापूरहून विचारलंयस म्हणून आपल्या भाषेतच सांगतो. तपासणी काढली ते बरोबरच आहे. फ्रीला नल, म्हणजे कुठलाच पत्ता नसलेला रिकामा पॉइंटर, दिला तर ते काहीच करत नाही, १९८९ च्या सी प्रमाणकापासून तसा नियमच आहे.

पण मंजुरी लगेच देऊ नकोस. खरी गोम तुझ्या मित्राने कोडमध्ये वर लिहिलेल्या 'गोटू साफ' (म्हणजे 'साफ' लेबलवर उडी मार) मध्ये आहे. बफर हा पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा) त्याने नुसता जाहीर केलाय, नल दिलेला नाही. फाइल उघडली नाही तर उडी थेट तळाच्या 'साफ' लेबलवर जाते, मेमरी मागणारी मॅलॉकची ओळ आलेलीच नसते आणि फ्रीच्या हातात पडतो स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) कचरा. नल चालतो रे, कचरा नाही चालत. तेव्हा सगळे पॉइंटर वरच नल करून घ्यायला सांग.

दुसरं, त्याच भरात एफक्लोजवरची (फाइल बंद करणाऱ्या फंक्शनवरची) नल-तपासणीही उडवलीय. ती परत घाल. एफक्लोजला नल चालत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये मी हीच चूक केली होती. माझ्या टेबलावर मस्त चालायचं, तिथे सेटिंगची फाइल नव्हती की धाडकन बंद. दोन दिवस गेले, वर चहाचं बिल वेगळं.

म्हणून फाइलचं नाव मुद्दाम चुकवून मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली एकदा चालवून बघ. शेवटी फ्रीनंतर लोकल पॉइंटरला नल दिलाय, त्यावरून वाद घालू नकोस, राहू दे.