जुनी सर्दी आणि दिरांची गाठ

प्रश्न : माझ्या दिरांना मागच्या वर्षी नाकाचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, निघाला. वीस वर्षं त्यांनी सर्दी अंगावर काढली, तिचंच हे झालं, असं घरात सगळे म्हणतात. माझ्या मिस्टरांनाही कॉलेजपासून सायनसचा त्रास आहे. दिरांच्या रिपोर्टात ‘ईबीव्ही’ विषाणू सापडल्याचं लिहिलंय आणि दोघं भाऊ एका ताटात जेवलेले. मिस्टरांची भांडी वेगळी ठेवू का? त्यांची रक्ततपासणी करून घेऊ का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, वेगळी काढली असतील तर भांडी आधी परत मांडणीत लावा.

ईबीव्ही म्हणजे एप्स्टीन-बार विषाणू. युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींतल्या पेशी लंडनला आणून वाढवल्या, त्यांत तो १९६४ साली पहिल्यांदा दिसला. तो लाळेतून पसरतो. कुणी आईच्या उष्ट्या चमच्यातून घेतो, कुणी शाळेतल्या पाण्याच्या बाटलीतून. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आहे, बहुधा तुमच्या आणि माझ्याही. एकदा आला की काही पांढऱ्या पेशींत जन्मभर झोपून राहतो.

नाकात होणारा एनके/टी-सेल लिम्फोमा (एनके आणि टी या पांढऱ्या पेशींच्या जाती) तपासला की जवळपास प्रत्येक रुग्णाच्या गाठीच्या पेशींत हा विषाणू सापडतो. म्हणजे जुन्या संसर्गाचा संबंध आहे हे खरं, पण तो संसर्ग या विषाणूचा. सायनसमधल्या पुवाचा नव्हे. विषाणू इतक्यांना आणि आजार इतक्या थोड्यांना का, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. चीन, जपान, कोरिया, मेक्सिको, पेरू इकडे हा लिम्फोमा जास्त दिसतो, त्यामुळे अनुवंशाचा काही वाटा असावा. पण भावापाठोपाठ भावाला झाला, असं माझ्या तीस वर्षांत मी पाहिलेलं नाही. (जठरात मात्र हेलिकोबॅक्टर जंतूच्या जुन्या संसर्गातून एक लिम्फोमा होतो, आणि सुरुवातीला नुसत्या अँटिबायोटिकांनी तो बऱ्याचदा विरघळतो. नाकातला तसा नाही.)

मग ‘सर्दीचं झालं’ असं का वाटतं? कारण हा आजारच सर्दीचं सोंग घेऊन येतो. एक ऊसवाले शेतकरी माझ्याकडे आले होते, आठ महिने डावी नाकपुडी बंद. मी स्वतः तुकडा काढला, अहवाल आला ‘जुनाट सूज’. मी गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी आले तेव्हा डोळ्याखाली सूज, नाकात काळी खपली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी खपली दिसली की आम्हाला बुरशीच आठवते, मलाही तीच आठवली. यावेळी भूल देऊन खपलीच्या कडेपासून खोल तुकडे घेतले, तेव्हा निदान झालं. ही गाठ रक्तवाहिन्यांत शिरते, त्यामुळे वरचं मांस मरतं. पहिल्यांदा मी ते मेलेलं मांसच तपासायला पाठवलं होतं. चूक माझी होती, आणि सहा आठवडे गेले त्यांचे.

तुमच्या मिस्टरांचा त्रास दोन्ही बाजूंना, थंडीत वाढणारा, पावडर उडाली की शिंका, असा असेल तर तो बहुधा साधा सायनसच. एकाच नाकपुडीतून रक्त, घाण वासाच्या खपल्या, टाळूला किंवा नाकाच्या पडद्याला भोक, गालावर न उतरणारी सूज, यांतलं काही असेल तर मात्र दुर्बिणीने नाक बघून घ्या. अहवाल ‘सूज’ असा आला आणि त्रास तसाच राहिला, तर ‘तुकडा परत काढा, खोलातून काढा’ असं बिनधास्त म्हणा. डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.

दिरांचं सांगायचं तर, आजार नाकापुरता असेल तर किरणोपचार आणि अ‍ॅस्पराजिनेज हे औषध असलेली केमोथेरपी अशी जोड सहसा देतात. रक्तातला विषाणूचा डीएनए किती उतरला, हे त्यांच्या बाबतीत मोजणं उपयोगी असतं.

मिस्टरांची ईबीव्हीची अँटिबॉडी तपासणी मात्र करू नका. ती पॉझिटिव्हच येईल, माझीही येईल, आणि त्या कागदावरून तुमच्या घरात आणखी एक महिना कुणी नीट जेवणार नाही.